लुकलुकेल तेवढंच खरं

जुबेदा मुल्लाणीने एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा नियम मोडला, आणि मोडल्यावर पाच मिनिटांत स्वतःच जाऊन सांगूनही टाकलं. नियम मोडायची सवय नसली की असं होतं.

“बाई, हारूनचा नमुना मी जुन्या बाकावर लावला.”

डॉ. इंदुमती चौगुले प्रकाशशास्त्रज्ञ होत्या, मिरजेच्या ऊतकवाचन प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि त्या क्षणी भडंगातली लसणाची पाकळी दाढेत अडकल्यामुळे काही बोलू शकत नव्हत्या. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या.

“रागवा, पण आधी ऐका. माझ्या भावाचा तीन वेळा स्वच्छ अहवाल आलाय. तिसरा कालचा. तंबोरे बनवणारा माणूस तो. तारा टेकतात त्या घोडीवर कानस मारताना केसभर फरक बोटाच्या टोकाला कळायचा त्याला. आता म्हणतो, बोटांना मोजे घातल्यासारखं वाटतंय. आणि आपलं यंत्र म्हणतं, स्वच्छ. मी भावाचं ऐकू की यंत्राचं?”

“यंत्राचं,” इंदुमती अखेर म्हणाल्या. “भावांचं ऐकायला लागू नये म्हणूनच ते बनवलंय. बरं, काय दिसलं जुन्या बाकावर?”

जुबेदाने नुसतं दार उघडून धरलं.

काचरोगाला पुस्तकात लांबलचक नाव होतं, पण लोकांनी दिलेलं नाव जास्त नेमकं होतं. चेतातंतूंच्या टोकांशी एक प्रथिन साचत जाई. आधी चिकट, मग कडक, शेवटी काचेसारखं. आधी पाय बधिर होत, मग हात, मग गिळणं अवघड होई, मग श्वास. याला वीस-पंचवीस वर्षं लागत आणि त्यातली निम्मी वर्षं माणसाला काही कळतच नसे. औषध होतं. वर्षभर मणक्यातून द्यायचं विद्रावक, तिसांत एकाची मूत्रपिंडं निकामी करणारं, म्हणून डोळ्यांनी गाठ पाहिल्याशिवाय ते कुणाला द्यायची परवानगी नव्हती. शिवाय ते तंतू जिवंत असेपर्यंतच उपयोगाचं. तंतू मेल्यावर त्याच्याभोवतीची काच विरघळवून काय करणार? त्यामुळे तिशी पुरी झाली की दर तीन वर्षांनी प्रत्येकाच्या पोटरीतून तीन मिलिमीटरचा तुकडा काढायचा, रंगवायचा आणि या प्रयोगशाळेत पाठवायचा, असा शिरस्ता पडला होता. नऊ वर्षांत चार जिल्ह्यांतल्या एकेचाळीस हजार माणसांचे तुकडे इथल्या यंत्राखालून गेले होते. यंत्राने तेराशे रोगी शोधले होते. त्यांतले बहुतेक आज चालत होते, शिव्या देत होते, मुलांची लग्नं लावत होते.

जुना बाक म्हणजे यंत्र येण्यापूर्वीची मांडणी. एक लेसर, घासलेल्या काचेची एक तबकडी, एक सूक्ष्मदर्शक. तबकडी बोटाने फिरवावी लागे. इंदुमतींनी पडद्याकडे पाहिलं. हारूनच्या कातडीतला तंतू बारीक दोऱ्यासारखा दिसत होता आणि त्याच्या टोकाला माशांच्या अंड्यांसारखा गाठींचा घोस होता. जुबेदा तबकडी फिरवत होती तसतशा त्या गाठी संथपणे उजळत होत्या, विझत होत्या.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात फोन लावला.

डॉ. धनपाल मगदूम मज्जाविकारतज्ज्ञ होते. चार जिल्ह्यांतला प्रत्येक काचरोगी आणि प्रत्येक संशयित त्यांच्या हाताखालून जाई. ते आले ते बोलतच.

“काय ओ चौगुलेबाई, यंत्राला चष्मा लागला म्हणे?” मग ते पडद्याजवळ वाकले. म्हणाले, “आता मला हे माणसाच्या भाषेत सांगा. नऊ वर्षं तुमच्या अहवालाखाली सही करतोय, पण आतलं गणित विचारायची लाज वाटत आली.”

“लेसरचा प्रकाश घासलेल्या काचेतून सोडला की तो सलग पडत नाही,” इंदुमती म्हणाल्या. “रव्यासारखा दाणेदार पडतो. एक दाणा लख्ख, शेजारचा काळा. आम्ही त्याला ठिपकप्रकाश म्हणतो. आता हा तुकडा जाड आहे. मला त्यातला एकच थर बघायचाय. पण वरचे-खालचे थरही रंगवलेले असतात, तेही उजळतात आणि चित्रावर धुकं पसरतं.”

“मग सुरीनं पातळ काप काढा की.”

“सुरीनं गाठी फुटतात. म्हणून काप प्रकाशानंच काढायचा. काच जराशी फिरवली की ठिपके जागा बदलतात. ज्या थरावर भिंग रोखलंय तिथला प्रत्येक बिंदू कधी ठिपक्यात येतो, कधी काळोखात जातो. लुकलुकतो. धुकं म्हणजे मात्र हजारो ठिपक्यांची बेरीज. चार गेले, चार आले, बेरीज तीच. ते लुकलुकत नाही. मग चौसष्ट चित्रं घ्यायची, जे लुकलुकतं ते ठेवायचं आणि जे एकसारखं उजळत राहतं ते टाकून द्यायचं. उरतो तो प्रकाशकाप.”

“एवढंच?”

“एवढंच. बाकीची नऊ वर्षं ते सुधारण्यात गेली. दाणा केवढा हवा, ठिपके किती वेगानं बदलायचे, असं सगळं. सर्वांत उत्तम वेग यंत्रानं स्वतःच शोधला. सेकंदाला दोनशे सत्तर बदल.”

“आणि हा बाक?”

“माझं बोट,” जुबेदा म्हणाली. “सेकंदाला दोन. जेवले असेन तर तीन.”

मगदूम हसले. जुबेदाही कसनुशी हसली, मग म्हणाली, “बाई, एक विचारू? मी फिरवायची थांबले आणि लेसर झाकला, तरी या गाठी लगेच विझत नाहीत. तंतू पटकन विझतो, गाठ रेंगाळते. गॅस बंद केल्यावर तवा तापलेला राहतो तसं. हे असंच असतं का?”

इंदुमतींनी तिला ते पुन्हा करायला लावलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा त्यांनी स्वतः लेसर झाकला, आणि स्टुलावर बसल्या.

“मऊ ऊतकात रंग प्रकाश घेतो आणि तत्क्षणी सोडतो,” त्या सावकाश म्हणाल्या, जणू स्वतःलाच शिकवत होत्या. “पण गाठ कडक झाली की आत अडकलेला रंग जखडला जातो. घेतलेला प्रकाश धरून ठेवतो. सेकंदाचा दहावा भाग, कदाचित जास्त. एवढ्या वेळात यंत्राचे सत्तावीस ठिपके येऊन जातात. गाठीला विझायला सवडच मिळत नाही, डॉक्टर. ती लुकलुकत नाही. आणि जे लुकलुकत नाही...”

“ते धुकं,” मगदूम म्हणाले.

“कोवळ्या गाठी दिसतात, म्हणून यंत्र बरोबर चाललंय असं वाटत राहिलं. दोन तपासण्यांच्या मधल्या तीन वर्षांत ज्याची गाठ कडक झाली, त्याला आपण कळवलं, अभिनंदन, तुम्ही स्वच्छ आहात.”

एकेचाळीस हजारांचा आकडा खोलीत होता, पण जुबेदाला त्यातला एकच माणूस दिसत होता.

“हारूनला उशीर झाला का?” तिने विचारलं. “एवढंच सांगा.”

मगदूम तिच्याकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड आला.

“आपा, गाठ कडक झाली म्हणजे तंतू मेलाच असं नाही. ते सूक्ष्मदर्शकात कळत नाही, अंगावर तपासावं लागतं. तंतू मरायला लागला की पहिल्यांदा कंपाची जाणीव जाते. ती गेली की औषधाचा उपयोग नाही. पण मागच्याच महिन्यात मी स्वतः हारूनला तपासलंय. मनगट, बोटं, घोटे, सगळं. कंपाची जाणीव शाबूत, असं माझ्या अक्षरात लिहिलंय. पुरावा नव्हता म्हणून हात बांधलेले होते. आता पुरावा आहे. सोमवारी पहिलं इंजेक्शन!”

जुबेदा आधी रडली, मग नाक पुसून तिने भावाला फोन लावला आणि त्यालाच झापलं. “दुकान बंद कर आणि असाच इकडं ये. नाही, काही वाईट नाही. चांगलंय. ये म्हटलं ना!”

मगदूमांनी टेबलावरचा भडंगाचा पुडा जवळ ओढला. इंदुमती मात्र यंत्राच्या जुन्या नोंदी उघडून बसल्या होत्या.

“दोनशे सत्तरच का?” त्या म्हणाल्या.

“असेल काही तरी. सोडा की आता.”

“नाही, बघा ना. हा वेग यंत्रानं निरोगी कातडीवर शोधलाय. निरोगी कातडीत सगळंच पटकन विझतं, तिला वेगाशी काय देणंघेणं? हा आलेख सपाट यायला हवा होता. पण दोनशेपर्यंत चित्र मळकट आहे आणि दोनशे सत्तरला अचानक लख्ख होतं. निरोगी कातडीत असं काय होतं, जे लपवायला यंत्राला एवढं पळावं लागलं?”

मगदूमांचा हात पुड्यात थांबला.

“मी त्याला सांगितलं होतं,” इंदुमती म्हणाल्या, “हे आठ नमुने निरोगी आहेत, यांत तंतूंखेरीज जे दिसेल ते धुकं समज, आणि आठांतला सर्वांत मळका नमुना स्वच्छ होईपर्यंत थांबू नकोस. नव्या बाईला भांडी घासायला सांगावीत तसं. तिनं इमानानं घासली.”

“आठ नमुने म्हणजे... आपलेच ना?” जुबेदाने विचारलं.

आपलेच होते. नऊ वर्षांपूर्वी बाहेरच्या माणसांचे नमुने घ्यायची परवानगी आठ महिने अडकली होती. प्रयोगशाळेत सगळ्यांना घाई होती, चांगल्या कामाची असते तशी. शेवटी एका शनिवारी दुपारी सगळ्यांनी आपापल्या पोटऱ्या पुढे केल्या. मगदूमांनी एकेकाला तपासून निरोगी ठरवलं, जुबेदाने तुकडे काढले, पट्ट्या लावल्या, कुप्यांवर बसलेल्या क्रमाने आकडे घातले. जयसिंगपूरहून किलोभर भडंग आणला होता. फोटोही काढला होता, आठ जण एकेक पाय वर करून उभे, ओळीने, बगळ्यांसारखे.

आठही कुप्या शीतकपाटात होत्या. जुबेदा काही टाकत नसे.

तिने एकेक तुकडा बाकावर लावला आणि तबकडी फिरवली. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसरा तिचा स्वतःचा होता, तोही स्वच्छ. चौथा स्वच्छ. पाचव्याला तिचं बोट थांबलं, तिने लेसर झाकला, आणि पडद्यावरचे घोस सावकाश, अगदी सावकाश विझले. हारूनच्या गाठींहून सावकाश. तिने उरलेले तीन पाहिले. सहावा, इंदुमतींचा सातवा, आठवा. स्वच्छ.

“पाच नंबर त्या घोरपडेचा ना?” मगदूम म्हणाले. “तो विद्यार्थी. सुई बघूनच पांढरा पडला होता.”

“तो पळाला,” जुबेदा म्हणाली. “सात जणच उरले. म्हणून तुम्ही त्याच्या जागी बसून पँट वर केलीत, डॉक्टर.”

मगदूमांनी पडद्याकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे.

“मला निरोगी कुणी ठरवलं होतं?”

“तुम्हीच. म्हणालात, मी डॉक्टर आहे, मला काही झालं तर मला कळणार नाही होय?”

ते खुर्चीत बसले. बसताना हाताने खुर्ची चाचपली आणि मग बसले.

“दोन वर्षांपूर्वी चप्पल रस्त्यात निसटून गेली,” ते म्हणाले. “घरी पोचल्यावर बायकोनं सांगितलं, अहो, एकाच पायात आहे. खूप हसलो आम्ही. तेव्हापासून बूट घालतो. म्हटलं, वय झालं.”

इंदुमतींना त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. त्यांनी ठेवलाही. पण त्यांच्या स्वतःच्या डोक्यात विचार पुढच्या पायरीवर जाऊन उभा राहिला होता आणि त्याला मागे ओढता येईना.

“डॉक्टर, एक विचारते. हारूनची कंपाची जाणीव तुम्ही तपासली कशी?”

“नेहमीसारखी. नादकाट्यानं.” त्यांनी कोटाच्या खिशातून दोन पात्यांचा पोलादी काटा काढला. “वाजवायचा आणि बूड त्याच्या मनगटाच्या हाडावर ठेवायचं. कंप विरत जातो. रुग्ण म्हणतो, थांबला. की लगेच उचलून आपल्या मनगटावर ठेवायचा. आपल्याला अजून जाणवत असेल तर त्याची जाणीव कमी झालीय. आपल्यालाही जाणवत नसेल तर...”

ते थांबले.

“तर?” जुबेदाने विचारलं.

“तर जाणीव शाबूत,” मगदूम म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की इंदुमतींना पुढे वाकावं लागलं. “मोजायचं उपकरण होतं ओ. कपाटात आहे. पण माझ्या गुरूंनी हातानं शिकवलं, मी हातानं करत आलो. आणि गेली काही वर्षं माझ्या रुग्णांची जाणीव इतकी छान निघायला लागली की विचारू नका. सगळे माझ्याबरोबरीनं थांबायचे. मला वाटायचं, लवकर सापडतायत म्हणून.”

यंत्राने जे केलं तेच त्यांनी केलं होतं. दोघांनीही इमानानं.

“उपकरण मागवते,” इंदुमती म्हणाल्या.

“वर्षानुवर्षं वापरलेलं नाही, ते ताडून घ्यायलाच अर्धा दिवस जाईल. हारून पोचेल आत्ता.” मगदूमांनी काटा पुढे केला, तो कुणाकडे करावा हे न कळून मध्येच धरून ठेवला. “हे दुसऱ्या कुणाच्या तरी हाडावर ताडून बघायला हवं. निरोगी माणसाच्या.”

तीन नंबरची कुपी स्वच्छ होती. जुबेदाने काटा घेतला.

हारून वीस मिनिटांनी आला. चाळिशीचा, किडकिडीत, शर्टाच्या बाह्यांवर लाकडाचा भुसा. त्याने सगळ्यांना सलाम केला आणि बहिणीला म्हणाला, “काय गं आपा, गिऱ्हाईकाला उठवून आलो. चांगलं काय आहे ते लवकर सांग, तोंडावरनं तरी दिसत नाही.”

“गाठी सापडल्या तुझ्या. आता औषध देता येईल. त्याआधी एक तपासणी आहे.”

“महिन्यापूर्वी झाली की. पास झालो होतो.”

“परत.”

तो स्टुलावर बसला, डोळे मिटले, हात पुढे केला. ही रीत त्याला पाठ होती. मगदूम खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. इंदुमतींनी शीतकपाटाची घरघर बंद केली आणि घड्याळाकडे नजर लावली. जुबेदाने काटा तळहातावर आपटून त्याच्या मनगटाच्या हाडावर टेकवला.

“जाणवतंय,” हारून म्हणाला. “जाणवतंय. थांबला.”

तीन सेकंद झाले होते. जुबेदाने काटा उचलून आपल्या मनगटावर ठेवला.

कंप तिच्या हाडातून कोपरापर्यंत चढला. थांबण्याचं नावच घेईना. तिने इंदुमतींकडे पाहिलं. इंदुमती ओठ न हलवता सेकंद मोजत होत्या. पाच सेकंदांपर्यंतचा फरक चालतो, हे जुबेदाला ठाऊक होतं. आठ झाले. अकरा. काटा तिच्या हातावर जिवंत होता आणि भाऊ समोर डोळे मिटून, पोरासारखी मान ताठ करून निकालाची वाट बघत होता. तिला नवव्या सेकंदालाच कळलं होतं की सोमवारी काही नाही, त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. तरी तोंडातून निघालंच.

“माझाही थांबला रे.”

“नाही थांबला,” हारून म्हणाला.

त्याने डोळे उघडले नव्हते. मान किंचित तिच्या हाताच्या दिशेला वळली होती. “वाजतोय की अजून. खालच्या सप्तकात आहे, बारीक. तू कशाला खोटं बोलतेस, आपा?”

खिडकीपाशी मगदूमांनी कपाळ काचेला टेकवलं.

जुबेदाला काटा काढून घ्यायचंही सुचेना. शेवटी हारूननेच हात लांबवला, चाचपडत तिच्या मनगटावरचा काटा शोधला आणि त्याची दोन्ही पाती बोटांच्या चिमटीत धरली. पोलाद थरथरत असताना धरलं की माणसाचा हात जरासा दचकतो. त्याचा दचकला नाही. चिमटीत आपण काय धरलंय ते बघायला त्याला डोळे उघडावे लागले.

खोलीत काहीच ऐकू येईनासं झालं.

“आता थांबला,” तो म्हणाला. “हे कानाला कळलं.”